चारही चाके फिरतात, पण थांबतात कशाने?

हिवाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण मनालीला जाऊन आले असतील. आदल्या रात्री हिमवर्षाव झाला असेल, तर मनालीहून सोलंगच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर पोलीस गाड्या अडवतात. साध्या मोटारींना परत फिरावे लागते. ज्या गाड्यांच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्यांना, म्हणजे ‘फोर बाय फोर’ गाड्यांना, आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांना मात्र पुढे सोडतात.

नियम शहाणपणाचा आहे. पण तो पाहून एक समजूत मनात घर करते, की चारही चाके फिरणारी गाडी हिमावर घसरत नाही. त्यातच टायर जाडजूड, खोल नक्षीचे असले, तर मालकाला वाटते की आता आपल्याला कसली भीती! ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी फार महागात पडते. ती कशी, ते आज पाहू या.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखे पडते ते हिम. पाणी गोठून काचेसारखा घट्ट गोळा होतो तो बर्फ. बोलताना आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण टायरच्या दृष्टीने हे दोन अगदी निराळे शत्रू आहेत.

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. रोहतांग खिंडीपलीकडे हिमाचल प्रदेशातील लाहौल हे खोरे आहे. खिंडीची उंची ३,९७८ मीटर. हिवाळ्यात ती हिमाने बंद झाली की लाहौलचा मनालीशी असलेला रस्ता कित्येक महिने तुटत असे. निकडीच्या वेळी हेलिकॉप्टर हाच आधार. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि चित्र पालटले. पूर्वी खिंड बंद झाली की पलीकडे जाण्याचा विषयच संपत असे. आता जानेवारीतही आजारी माणसाला जीपमध्ये घालून कुलूच्या इस्पितळात नेण्याचा विचार करता येतो. बोगद्याचे दक्षिण तोंड सुमारे ३,०६० मीटरांवर, तर मनाली सुमारे २,०५० मीटरांवर. म्हणजे २५ किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरायचे. बोगद्याने खिंड टाळली, पण हा उतार टाळलेला नाही. बोगद्याच्या बाहेर पडताक्षणी गाडीची सगळी भिस्त चार टायरांवर असते. प्रत्येक टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी!

आता थोडे गणित करू. घाबरू नका, नववीतल्या घर्षणाच्या धड्यापुढे आपण जाणार नाही.

एक जीप घ्या. माणसांसह तिचे वजन १,८०० किलोग्रॅम. चारही चाकांवर ते सारखे विभागले आहे असे मानू. दाबून घट्ट झालेल्या हिमावर टायरचा घर्षणांक ०.२ धरू. समोर दहास एक असा चढ आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. अशा चढावर जीपला मागे खेचणारे बल वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे १८० किलोग्रॅम वजनाइतके असते. इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळत असेल, तर त्या दोन चाकांवर ९०० किलोग्रॅम भार आहे. त्यांना जास्तीत जास्त ९०० × ०.२ = १८० इतकीच पकड मिळेल. म्हणजे जीप जागच्या जागी चाके फिरवत बसेल. चारही चाकांना शक्ती मिळाली, तर पकड १,८०० × ०.२ = ३६० होते आणि जीप आरामात वर चढते. पोलिसांच्या नियमामागचे शास्त्र हे एवढेच आहे.

आता तीच जीप त्याच रस्त्याने खाली येत आहे. चालकाने ब्रेक दाबला. इथे स्वतःलाच एक प्रश्न विचारा. साध्या मोटारीला ब्रेक किती चाकांना असतात? चारही! आणि फोर बाय फोर जीपला? तेही चारच. म्हणजे थांबताना दोघींनाही पकड मिळते ती वजनाच्या ०.२ पट, तितकीच. चारही चाकांना शक्ती देणारी ती गियरपेटी, तो जादा दांडा, त्यासाठी मोजलेले लाखभर रुपये, यांतले काहीही इथे उपयोगाला येत नाही. उलट एक तोटाच होतो. साधी मोटार चढावरच अडली असती आणि चालकाला रस्ता किती निसरडा आहे ते वेळीच कळले असते. जीप मात्र काही न बोलता त्याला वर घेऊन जाते आणि निसरडेपणाची बातमी उतारावर देते.

ही बातमी किती वाईट असू शकते? सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पाहा. थांबण्याचे अंतर काढायचे तर वेगाचा वर्ग करावा आणि त्याला घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर अंतर येते सुमारे ९ मीटर. घट्ट हिमावर ०.२ धरला, तर साडेएकतीस मीटर. निव्वळ बर्फावर ०.१ धरला, तर ६३ मीटर. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

आता दहास एक असा उतार घ्या. हिमावर ३६० इतकी पकड आहे खरी, पण त्यातली १८० गाडीला उतारावर नुसते धरून ठेवण्यातच खर्च होते. थांबवायला उरते निम्मी, म्हणून अंतर दुप्पट. आणि बर्फावर? पकड १८०, खेच १८०. बाकी शून्य! चारही चाके ब्रेकने घट्ट धरलेली असतानाही गाडी त्याच वेगाने सावकाश सरकत राहते. डोंगरातील रस्त्यावर हिवाळ्यात घेतलेल्या चलचित्रांत गाड्या अगदी मुंगीच्या पावलांनी एकमेकींवर जाऊन आदळताना दिसतात. पाहणारे हसतात. पण आतल्या चालकाने ब्रेक केव्हाच दाबलेला असतो.

या सगळ्या हिशेबात माणसाच्या हाती असलेल्या गोष्टी दोनच, वेग आणि घर्षणांक. वेग चालकाच्या पायात आहे. घर्षणांक पुष्कळसा टायरात आहे. म्हणून हिमाळ प्रदेशात राहणाऱ्याने गाडी निवडण्याइतकाच विचार टायर निवडताना करायला हवा.

टायरचे पहिले रहस्य त्याच्या रबरात आहे. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती सापडली. तिच्यामुळे या साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात. रबर ताणले जाते आणि सोडले की मूळ आकारावर येते. साखळ्यांचे दुवे सतत वळवळत असतात म्हणून हे घडते. थंडी वाढली की ही वळवळ मंदावते. एका विशिष्ट तापमानाखाली ती जवळजवळ थांबते आणि रबर काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस आहे. मग लाहौलच्या उणे १५ अंशांत काळजी कशाची, असे तुम्ही विचाराल. काळजी अशी की कडकपणा एकदम येत नाही, त्या तापमानाच्या पुष्कळ आधीपासून तो चढत जातो. शिवाय उन्हाळी टायरांचे रबर तापलेल्या रस्त्यावर झिजू नये असे मुद्दाम बनवलेले असते. ७ अंशांच्या खालीच त्याची पकड कमी होऊ लागते, असा टायर बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे.

कडक रबराने काय होऊ शकते हे जगाने एकदा फार दुःखद रीतीने पाहिले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने रबराच्या कड्याचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर तुकडा पटकन फुगलाच नाही. यानाच्या सांध्यातील रबरी कडी त्या सकाळच्या थंडीत अशीच सुस्त झाली होती. रस्त्यावरही तेच. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत रबराने क्षणात शिरायचे आणि क्षणात सुटायचे असते. सुस्त रबराला ते जमत नाही. म्हणून हिवाळी टायरांत फार थंडीतही लवचीक राहणारे रबर वापरतात आणि त्यात सिलिका मिसळतात.

दुसरे रहस्य नक्षीचे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, ती गुळगुळीत. टायरला मात्र खोल खाचा आणि उंच ठोकळे असतात. चिखलासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा रुंद ठेवतात, कारण फिरताना चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. हिमाचा न्याय अगदी उलटा आहे! रव्याचा लाडू वळताना मूठ दाबली की रवा रव्याला धरतो, तसे दाबलेले हिम हिमाला घट्ट धरते. टायरच्या खाचांत हिम ठासून भरले, की रस्त्यावरच्या हिमाला ते चिकटून राहते आणि गाडीला पकड देते. रबरापेक्षा हिमाची हिमावर पकड अधिक चांगली. म्हणून खाचांत हिम भरलेला टायर पाहून ‘अरेरे, हा तर भरून गेला’ असे म्हणू नका. तो आपले काम नीट करीत आहे.

बर्फावर मात्र ही युक्ती चालत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असा विचार मायकेल फॅरडेने १८५० सालीच मांडला होता. तापमान शून्याच्या जवळ असते तेव्हा हा थर अधिक जाड असतो. म्हणूनच उणे २० अंशांतल्या बर्फापेक्षा उणे एक-दोन अंशांतला बर्फ अधिक दगा देतो. दुपारी उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळी पुन्हा गोठू लागते, ती वेळ सर्वांत वाईट. हे पाणी टायरखालून हटवण्यासाठी हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा पाडलेल्या असतात. त्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात आणि चिरांत पाणी शिरते. इंग्रजीत या चिरांना ‘साइप’ म्हणतात. हे एका माणसाचे आडनाव आहे. जॉन साइप याला अमेरिकेत १९२३ साली अशा चिरांचे एकस्व मिळाले. तो खाटिकखान्यात काम करी आणि ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने आपल्या बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, असे सांगतात.

आता त्या जाडजूड, राक्षसी दिसणाऱ्या चिखलाच्या टायरकडे पुन्हा पाहा. ठोकळे मोठे आणि भरीव, चिरा जवळजवळ नाहीत, रबर दगडांना दाद न देणारे. मोकळ्या, खोल हिमात तो ठीक चालेल, पण गुळगुळीत बर्फावर तो फसवतो. दिसायला सगळ्यांत शूर असलेला टायर इथे सगळ्यांत भित्रा ठरतो!

मग ओळखायचे कसे? टायरच्या बाजूवर पुष्कळ अक्षरे कोरलेली असतात. त्यांत ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे दिसली तर अर्थ होतो ‘चिखल आणि हिम’. पण ही अक्षरे मुख्यतः नक्षीच्या आकारावरून दिली जातात. हिमावर चाचणी झालीच पाहिजे असे त्यांत काही नाही. दुसरी खूण चित्राची आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत एक हिमकण. ही खूण १९९९ साली उत्तर अमेरिकेत सुरू झाली. ती मिळवायला टायरला दाबलेल्या हिमावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते आणि एका ठरावीक नमुना-टायरपेक्षा किमान १० टक्के अधिक पकड दाखवावी लागते. जर्मनीत आता हिवाळी रस्त्यांसाठी फक्त ही डोंगराची खूण ग्राह्य धरतात. नुसत्या एम-एस अक्षरांची जुनी सवलत तेथे ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. मात्र एक लक्षात ठेवा. ही चाचणी हिमावरची आहे, बर्फावरची नाही. बर्फासाठी युरोपात २०२१ पासून टायरच्या माहितीपत्रकावर निराळी खूण असते.

रुंद टायर घ्यावा की अरुंद? या प्रश्नावर चालकांत मोठे वाद होतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही पक्ष बरोबर असू शकतात. आइसलंडमधील लोक जीपला प्रचंड रुंद टायर लावून हिमनद्यांवर जातात. तेथे ते टायरमधली हवा चार-पाच पौंडांपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, दाब विभागला जातो आणि उंटाच्या पायासारखा तो हिमावर तरंगतो. त्यांच्या हिमाखाली रस्ता नसतोच, म्हणून त्यांना तरंगणेच भाग आहे. गावच्या रस्त्यावर वीतभर ताजे हिम असेल, तर त्याखाली घट्ट रस्ता आहे. तिथे अरुंद टायर हिम कापून खाली टेकतो. रुंद टायर मात्र समोरचे हिम नांगरत बसतो. लाहौलच्या गावकऱ्याला तरंगायचे नाही, टेकायचे आहे. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापांपैकी अरुंद माप त्याला बरे.

हिवाळी टायरांचे माहेर फिनलंड. नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी खास हिवाळी टायर काढले. पुढे टायरांत धातूचे खिळेही बसवू लागले. ते बर्फ उत्तम पकडतात, पण उघडा रस्ता कुरतडतात. जपानमधील सेंदाईसारख्या शहरांत या खिळ्यांनी उडवलेल्या धुळीचा इतका त्रास झाला, की १९९० साली तेथे त्यांच्याविरुद्ध कायदाच करावा लागला.

आता निवड. समजा, तुम्ही केलाँगजवळच्या एका गावात राहता आणि जीपच्या टायरांसाठी पैसे जमवले आहेत. उन्हाळ्यात हीच जीप टोकदार दगडांवरून आणि नाल्यांतून जाते. मऊ हिवाळी टायर तेथे लवकर झिजेल, दगडांनी कापलाही जाईल. टायरांचे दोन संच परवडत असतील, तर थंडीत खरे हिवाळी टायर आणि उन्हाळ्यात सर्वभूमी टायर, ज्यांना दुकानदार ‘ऑल टेरेन’ म्हणतो. यापेक्षा चांगले काही नाही. पण आपल्या देशात हिवाळी टायर सहज मिळत नाहीत आणि दोन संच फार थोड्यांना परवडतात. एकच संच घ्यायचा असेल, तर सर्वभूमी टायरांपैकी डोंगर-हिमकणाची खूण असलेला, ठोकळ्यांवर चिरा असलेला टायर मला पसंत आहे. तो बर्फावर हिवाळी टायरची बरोबरी करणार नाही, म्हणून साखळ्या गाडीत ठेवायच्याच. आणि चारही टायर सारखे हवेत. पुढे चांगले व मागे गुळगुळीत असतील, तर उतारावरच्या वळणावर गाडीची शेपटी पुढे यायला पाहते.

साखळीचेही असेच. ती दोनच चाकांना बांधली तर उरलेली दोन चाके घसरायला मोकळीच राहतात. चारही चाकांना बांधणे उत्तम. वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरांच्या आत ठेवावा लागतो. उघडा डांबरी रस्ता लागला की साखळ्या काढाव्या लागतात, नाहीतर साखळीही तुटते आणि रस्ताही. गारठलेल्या बोटांनी हे काम पहिल्यांदाच करू नये. अंगणात एकदा बांधून-सोडून पाहावे.

कायद्याने टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या तरी चालतात. हिमाला एवढ्याने भागत नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर खोली मागतात, ती उगाच नव्हे.

आणि हवा? इथे एक गमतीचे कोडे आहे. चंदीगडला २५ अंश तापमानात ३२ पौंड हवा भरली. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरचे १४ मिळवले की आतला खरा दाब ४६. लाहौलमध्ये उणे १५ अंश, म्हणजे केल्व्हिनमध्ये २९८ वरून २५८. आतला दाब उतरून साधारण ४० झाला. मग काटा २६ दाखवेल? नाही! तीन हजार मीटरांवर बाहेरच्या हवेचा दाब दहाच पौंडांच्या आसपास असतो. काटा दाखवील साडेएकोणतीस. थंडीने सहा पौंड घेतले, उंचीने चार परत दिले. तरीही अडीच पौंड कमी भरतेच. ते सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजून भरून घ्यावे.

शेवटी एक प्रयोग. घरी फ्रीज असेल तर उत्तम, नाहीतर शाळेच्या प्रयोगशाळेत विचारा. स्टीलच्या सपाट ताटात पाण्याचा पातळ थर गोठवा. ताट बाहेर काढताच त्यावर एक खोडरबर ठेवा आणि ताटाची एक कड हळूहळू उचला. खोडरबर कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकाने मोजा. त्या कोनाचे टॅन्जंट गुणोत्तर म्हणजे घर्षणांक. पाच मिनिटे थांबून, बर्फावर ओल आल्यावर पुन्हा मोजा. मग खोडरबराच्या तळाला वडीलधाऱ्यांच्या मदतीने पात्याने सात-आठ बारीक चिरा पाडा आणि तिसऱ्यांदा मोजा. घर्षणांक ०.१ असेल तर कोन सहा अंशांहूनही कमी येतो. तुमचा किती येतो, आणि चिरांनी तो किती बदलतो, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा.